पूल बांधणारी शकुंतला

लग्नकार्याला, मुलांच्या अ‍ॅडमिशनला नाहीतर दवाखान्याच्या कामाने नागपूरला येणं झालं, की आपण सगळ्याच जणी एकदा तरी मान वर करून पुलांकडे बघतो. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि त्याच्याही डोक्यावरून धावणारी मेट्रो! कामठी रोडला गड्डीगोदामजवळ तर या सगळ्यांच्या मधून रेल्वेची लाइनही जाते. सोबत गावाकडची आत्या किंवा मावशी असेल तर हे एवढं ओझं वर तोलून धरलंय ते पडणार तर नाही ना, असं ती हमखास विचारते. आपण हसतो आणि विषय बदलतो.

खरं तर मावशीच्या प्रश्नात हसण्यासारखं काही नाही. पूल पडणार नाही हे कशावरून, याचं उत्तर शोधण्यात मोठमोठ्या इंजिनीअर मंडळींची आयुष्यं गेली. अशाच एका मराठी बाईची ही ओळख. तिचं नाव शकुंतला भगत. इंजिनीअरिंगच्या जगात मोठं नाव; पण आपल्या घराघरांत जेवढं पोचायला हवं होतं तेवढं ते पोचलं नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. २०१२ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय ७९ होतं.

पुलांच्या घरातली लेक

शकुंतलाबाईंचा जन्म १९३३ सालचा. माहेरच्या त्या जोशी. वडील एस. बी. जोशी हे मुंबईतले नामवंत पूल-अभियंते. म्हणजे घरात पुलांचे नकाशे, खांब, कमानी हे शब्द काही परके नसणार. सोनाराच्या लेकीला गुंजा-मासे कळतात, तसंच हे.

पण मैत्रिणींनो, सोनाराच्या लेकीला कळतं म्हणून कुणी तिला पेढीवर बसवत नाही. त्या काळात हुशार मुलगी फार तर डॉक्टर होई, नाहीतर शिक्षिका. सिव्हिल इंजिनीअरिंग म्हणजे सिमेंट, रेती, लोखंड, मजूर, साइटवरचं ऊन आणि धूळ. तिथे बायकांचं काय काम, असाच सगळ्यांचा समज. साइटवर बायका होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या डोक्यावर घमेलं घेऊन! हातात नकाशा असलेली बाई मात्र कुणी पाहिलेली नव्हती.

अशा वेळी शकुंतला जोशी या मुलीने मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये सिव्हिलला प्रवेश घेतला. आज ज्याला आपण वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट म्हणतो, ती संस्था तेव्हा व्हिक्टोरिया ज्युबिली या नावाने ओळखली जाई. १९५३ साली, विशीच्या उंबरठ्यावर, तिथून सिव्हिल इंजिनीअरिंगची पदवी घेणारी ती पहिली मुलगी ठरली.

त्या वेळचं आपलं नागपूर आठवून बघा. १९५३ मध्ये नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आज आपल्या भागातली मुलं-मुली ज्या व्हीएनआयटीची स्वप्नं बघतात, ते कॉलेज इथे सुरू झालं १९६० मध्ये. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या मुलीच्या मनात तेव्हा पूल बांधायचं आलं असतं, तरी शिकायला गाव सोडूनच जावं लागलं असतं. किती जणींच्या मनात आलं आणि मनातच राहिलं, याची नोंद कुठे असणार!

शकुंतलाबाईंना देशातली पहिली महिला सिव्हिल इंजिनीअर असंही पुष्कळ ठिकाणी म्हटलं जातं. ते मात्र थोडं जपून घ्यायला हवं. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या केरळकडच्या दोघी जणी १९४४ मध्येच सिव्हिल इंजिनीअर झाल्या होत्या. त्रेसियाबाई तर पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनीअर झाल्या. पहिलेपणाचा मान कुणाचा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शकुंतलाबाईंचं मोठेपण पहिलं येण्यात नाहीच, त्यांनी पुढे जे केलं त्यात आहे.

पदवीनंतरही शिकणं

पदवी हातात आल्यावर लग्न आणि मग सगळं गुंडाळून माळ्यावर, असं त्यांचं झालं नाही. लंडनच्या सिमेंट अँड काँक्रीट असोसिएशनमध्ये त्यांनी काँक्रीटवर संशोधन केलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून १९६४ साली सिव्हिल आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगची मास्टर्स पदवी घेतली. १९५८ साली आयआयटी मुंबई सुरू झाली होती. त्या नव्या संस्थेत त्यांनी सहायक प्राध्यापक म्हणून शिकवलं, आणि तिथल्या हेवी स्ट्रक्चर्स लॅबोरेटरीच्या त्या प्रमुख झाल्या.

ही प्रयोगशाळा म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. परीक्षानळ्या आणि रंगीत पाणी असलेली ती प्रयोगशाळा नव्हे. अशा लॅबमध्ये काँक्रीटच्या नाहीतर लोखंडाच्या मोठ्या तुळया आणून ठेवतात. वरून भक्कम लोखंडी चौकट असते. चौकटीला टेकवलेल्या जॅकने तुळईवर हळूहळू जोर द्यायचा. मोटारीचं चाक बदलताना गाडी उचलणारा जॅक असतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ. जोर वाढेल तशी तुळई मधे खाली वाकते. किती वाकली, हे घड्याळासारख्या तबकडीवर मिलिमीटरच्याही शंभराव्या भागापर्यंत वाचायचं. भेग पडली की पेन्सिलने तिच्यावर रेघ ओढायची आणि शेजारी त्या वेळचं वजन लिहायचं. शेवटी तुळई मोडेपर्यंत जोर देत राहायचं. कुठे मोडली, कशी मोडली, मोडायच्या आधी इशारा दिला का, हे सगळं टिपून ठेवायचं.

याची दुसरी बाजू कागदावरची. प्रयोग करण्याआधी गणित मांडून सांगायचं, की एवढ्या वजनाला तुळई एवढी वाकेल आणि एवढ्याला मोडेल. याला इंजिनीअर लोक मॉडेल म्हणतात. आता हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, तेव्हा स्लाइड रूल आणि वह्यांवर वह्या लागत. मग कागदावरचा आकडा आणि तबकडीवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे. जुळले तर उत्तम. नाही जुळले, तर आपण काय गृहीत धरलं होतं आणि त्यातलं काय चुकलं ते शोधायचं. पुष्कळदा गोम निघते जोडात. कागदावर आपण समजतो, दोन भाग अगदी एकजीव आहेत. प्रत्यक्षात ते केसभर सरकतात, आणि तेवढ्यानेही तुळई हिशेबापेक्षा जास्त वाकते.

गोधडीचे टाके

हे जोडाचं प्रकरण घरीही करून बघता येतं. मुलांच्या दप्तरातल्या दोन फूटपट्ट्या घ्या. एकीवर एक ठेवा आणि दोन्ही टोकांना दोन डबे टेकू म्हणून द्या. आता मधोमध बोटाने दाबा. पट्ट्या वाकतील. पण टोकांकडे नीट बघा. वरची आणि खालची एकमेकींवरून किंचित सरकलेल्या दिसतील. दोघी एकत्र आहेत खऱ्या, पण प्रत्येकीचं चाललंय आपापलं. आता त्याच दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर चांगल्या चिकटवा, आणि गोंद पक्का वाळला की पुन्हा दाबा. ती जोडी आता सहज वाकत नाही. हिशेबाने ताठपणा तब्बल चौपट होतो! पट्ट्या त्याच, वजनही तेच. फक्त सरकणं थांबलं.

आपल्या आया-आज्यांना हे ठाऊकच होतं. जुन्या लुगड्यांचे थर नुसते एकावर एक ठेवले तर ते रात्रीतून गोळा होतात. त्यांच्यातून उभे-आडवे टाके घातले की गोधडी होते आणि वर्षानुवर्षं टिकते. कुणी तिला वाकळ म्हणतं. पुलातही असे टाके लागतात.

काँक्रीट दाबाला भारी असतं, पण ताणलं की लगेच तडकतं. लोखंड ताण उत्तम सोसतं. पुलावर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मग शहाणपण कशात? वर काँक्रीटचा थर आणि खाली पोलादी तुळई. यालाच कंपोझिट पूल म्हणतात. रेल्वे फाटकावरच्या एखाद्या नव्या पुलाखालून जाताना वर बघा. इंग्रजी आय अक्षरासारख्या पोलादी तुळया आणि त्यांवर काँक्रीटची स्लॅब दिसली, तर तो बहुतेक असाच पूल. बाहेरून दिसत नाही ती खरी गंमत आत असते. तुळईच्या माथ्यावर पोलादी खुंट्या जोडलेल्या असतात आणि त्या स्लॅबच्या काँक्रीटमध्ये गच्च रुतलेल्या असतात. याच त्या गोधडीच्या टाक्यांसारख्या. त्या नसत्या, तर स्लॅब आणि तुळई आपल्या दोन फूटपट्ट्यांसारख्या सरकल्या असत्या.

एक भाग दुसऱ्यावरून सरकू पाहतो, त्या जोराला इंजिनीअर शिअर म्हणतात. मराठीत कातर. कात्रीची दोन पाती एकमेकांजवळून सरकतात आणि मधलं कापड कापलं जातं, तसाच हा जोर. पुलात जिथे जिथे दोन भाग भेटतात, तिथे तिथे ही कातर टपून बसलेली असते. म्हणूनच अनेकदा पुलाची परीक्षा जोडात होते.

शकुंतलाबाईंचं नाव झालं ते याच जोडापाशी. त्यांनी शोधलेल्या जोडाला युनिशिअर कनेक्टर असं नाव मिळालं. १९६८ साली त्याचं पेटंट झालं. पुढे १९७२ मध्ये इन्व्हेन्शन प्रमोशन बोर्डाने या शोधाला आपला सर्वोच्च पुरस्कार दिला. ज्या काळात बाईच्या नावावर घराचा सातबाराही क्वचितच असे, त्या काळात एका बाईच्या नावाशी पुलाच्या जोडाचं पेटंट जोडलेलं होतं!

दोघांचा संसार, दोघांची कंपनी

शकुंतलाबाईंचे पती अनिरुद्ध भगत हे मेकॅनिकल इंजिनीअर. एकाला यंत्रं आणि कारखाना माहीत, दुसरीला पूल आणि काँक्रीट. दोघांनी मिळून पूल बांधण्याची एक नवीच पद्धत काढली. तिचं नाव टोटल सिस्टिम.

तोवरची रीत अशी होती, की प्रत्येक नदीसाठी पूल नव्याने आखायचा. प्रत्येकाचं माप वेगळं, भाग वेगळे, बहुतेक काम जागेवरच. भगत पती-पत्नींनी उलटा विचार केला. मोजकेच, ठरावीक मापाचे भाग कारखान्यात बनवायचे. मुलांच्या मेकॅनोच्या खेळण्यात त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू असतात, पण त्यांची कधी क्रेन होते तर कधी गाडी. तसंच हे. त्याच भागांतून लहान गाळ्याचा पूल होईल आणि मोठ्या गाळ्याचाही. अरुंद होईल, रुंद होईल, हलक्या वाहतुकीचा होईल आणि जड वाहतुकीचाही. भाग जोडायचे तेवढे जागेवर.

जोडता-सोडता येणारे पूल त्याआधी नव्हते असं नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या डोनाल्ड बेली यांनी आखलेले बेली पूल फौजा हातोहात उभे करत. आपल्याकडेही पुरात पूल वाहून गेला की सैन्याचे जवान येऊन बेली पूल टाकतात, ते आपण टीव्हीवर बघतो. पण तो असतो बहुधा अडीअडचणीचा, तात्पुरता. भगत दाम्पत्याला हवा होता पक्का पूल, पण झटपट होणारा.

याचा फायदा कुणाला सर्वांत जास्त? जिथे रस्ते अरुंद, हवामान कडक आणि काम करायला वर्षातले थोडेच महिने मिळतात, अशा दुर्गम भागांना. छोटे भाग ट्रकमधून नेता येतात. शिवाय कारखान्यात बनलेला प्रत्येक भाग तिथेच तपासून घेता येतो. बर्फात, वाऱ्यात, दरीच्या काठावर उभं राहून वेल्डिंग नीट झालं की नाही हे बघत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

१९७० साली दोघांनी क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली.

आधी कुठे बांधलाय?

आता मैत्रिणींनो, इथपर्यंत सगळं छान वाटतं. हुशारी होती, पेटंट होतं, नवरा-बायकोची साथ होती. पण खरी अडचण पुढेच आली. या पद्धतीत पैसा घालायला कुणी तयार होईना. ना सरकारी खाती, ना खासगी मंडळी. पद्धत नवी, आधी कुठे वापरून पाहिलेली नाही, हीच त्यांची शंका.

ही शंका अगदीच खोटी म्हणता येणार नाही बरं का. पूल म्हणजे काही साडी नव्हे, की आवडली नाही तर बदलून आणली. पूल चुकला की माणसं जातात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल पुरात गेला, आणि रात्रीच्या अंधारात दोन एसटी बसेस माणसांसकट वाहून गेल्या. ती बातमी अजूनही आठवते ना? त्यामुळे अधिकाऱ्यांनी दहादा विचार करावा, हे बरोबरच.

पण यातून एक पेच तयार होतो. आधी कुठे बांधलेला नाही म्हणून बांधू द्यायचा नाही, आणि बांधूच दिला नाही तर आधी बांधलेला असणार तरी कसा? नोकरीसाठी गेलेल्या मुलीला अनुभव नाही म्हणून परत पाठवतात. नोकरीच दिली नाही तर अनुभव ती आणणार कुठून? हा पेच आपल्यातल्या कितीतरी जणींनी सोसलाय.

शकुंतलाबाई आणि अनिरुद्धराव यांनी सुरुवातीला पदरचे पैसे घातले. स्वतःच्या गणितावर स्वतःची पुंजी लावायची, ही काही साधी गोष्ट नव्हती. फसलं असतं तर पैसे गेले असतेच. वर बाईने पूल बांधायला घेतला म्हणून असं झालं, हे ऐकून घ्यावं लागलं असतं ते वेगळंच.

स्पितीचे दोन पूल

संधी आली ती हिमाचल प्रदेशातल्या स्पितीमध्ये. आपल्याला स्पितीची कल्पना करणं जरा कठीण आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर. स्पितीचं मुख्य गाव काझा आहे साडेतीन हजार मीटरच्याही वर. हवा विरळ, झाडं जवळपास नाहीत आणि हिवाळ्यात कुंझुम खिंड बर्फाने बंद. बांधकामाला मिळतात ते उन्हाळ्याचे थोडेसे महिने. एवढ्यात नेहमीच्या रीतीने पूल पुरा करणं म्हणजे तारांबळच.

१९७२ साली क्वाड्रिकॉनचे पहिले दोन पोलादी पूल तिथे उभे राहिले. लहानच पूल होते ते. पण दोन्ही मिळून अवघ्या चार महिन्यांत! जे कागदावर मांडलं होतं, ते डोंगरात, थंडीत, प्रत्यक्ष वजनाखाली उभं होतं. आता आधी कुठे बांधलाय, या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं.

बातमी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. १९७८ सालापर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत क्वाड्रिकॉनचे ६९ पूल बांधून झाले होते. पुढे हा आकडा वाढतच गेला. देशात-परदेशात मिळून सुमारे २०० पुलांशी शकुंतलाबाईंचं नाव जोडलं जातं. १९९३ मध्ये त्यांना वुमन इंजिनीअर ऑफ द इयर हा सन्मान मिळाला. पदवी घेऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

चाळीस वर्षं! आपल्याकडे कौतुक व्हायला उशीर होतो, त्यातही बाईचं जरा जास्तच.

स्वतःच्या नावाने

पुलांच्या इतिहासात आणखी एक बाई आहे, तिची आठवण इथे होते. अमेरिकेत न्यूयॉर्कला ब्रुकलिन ब्रिज बांधला जात होता. मुख्य इंजिनीअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये पाण्याखालच्या पायाच्या कामाने आजारी पडले आणि अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यांची बायको एमिली रोबलिंग पुढे झाली. नवऱ्याच्या सूचना साइटवर नेता नेता ती स्वतःच गणितं शिकली, पोलादाची ताकद शिकली आणि वर्षानुवर्षं काम पुढे नेलं. १८८३ साली तो पूल सुरू झाला. पण एमिलीकडे इंजिनीअरची पदवी नव्हती आणि मुख्य इंजिनीअर म्हणून नाव नवऱ्याचंच राहिलं.

शकुंतलाबाईंच्याही एका बाजूला नामवंत वडील होते आणि दुसऱ्या बाजूला इंजिनीअर नवरा. त्यांच्या कामाचं श्रेय या दोघांच्या नावांखाली सहज झाकून गेलं असतं. तसं झालं नाही, कारण त्यांच्याजवळ स्वतःची पदवी होती, स्वतःची प्रयोगशाळा होती आणि स्वतःचा शोध होता. वडिलांचा वारसा त्यांनी घेतला, नवऱ्याची साथ घेतली, पण दोन्हीच्या आधाराने उभं केलं ते स्वतःचं काम. माहेर-सासर दोन्हीकडून पाठबळ मिळालेली बाई किती पुढे जाऊ शकते, हे त्यांच्याकडे बघून कळतं. आणि पाठबळ न मिळालेल्या किती जणी मागे राहिल्या असतील, हेही!

आपल्याला याचं काय?

विदर्भातल्या आपणा सगळ्यांना पुलाचं मोल वेगळं सांगायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला, ठेंगणा पूल पाण्याखाली गेला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं पावसाळ्यात वाचत आलो. रपट्यावरून पाणी वाहू लागलं की गावाची शाळा बंद, बाजार बंद, एसटी बंद. दिवस भरलेल्या बाईला बाजेवर घालून नदीपार न्यावं लागतं. पूल नसला की पहिला फटका तिलाच बसतो. तिच्या दृष्टीने पूल चार महिन्यांत होणं आणि चार वर्षांत होणं, यात बाळ-बाळंतिणीच्या जिवाचं अंतर असतं.

म्हणूनच शकुंतलाबाईंचं काम नुसतं लोखंड-सिमेंटचं म्हणून सोडून देता येत नाही. दुर्गम गावाला पक्का पूल लवकर मिळावा, आणि तो मिळताना त्याच्या भक्कमपणात जराही तडजोड होऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र साधल्या.

पुलाची तपासणी तो बांधून झाल्यावरही होते, हेही लक्षात ठेवू या. एखाद्या नव्या पुलावर वाहतूक बंद ठेवून रेतीने, गिट्टीने भरलेले ट्रक ओळीने उभे केलेले दिसले, तर कंत्राटदाराने गाड्या पार्किंगला लावल्या असं समजू नका. ती भार चाचणी असते. वजन चोवीस तास ठेवतात आणि पूल किती वाकला ते मोजतात. मग ट्रक काढून आणखी चोवीस तासांनी पुन्हा मोजतात. सळया घातलेल्या साध्या काँक्रीटचा पूल असेल, तर जेवढा वाकला त्याच्या निदान ७५ टक्के तो परत वर आलेला असावा लागतो. वाकलाच नाही पाहिजे, असा नियम नाही. वाकावा, पण ओझं उतरल्यावर पुन्हा मूळ जागी यावा. तेवढी ताकद त्याच्यात शिल्लक आहे की नाही, तेच तपासायचं असतं. आपल्या भागात नवा पूल झाला तर त्याची अशी चाचणी झाली का, हे ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही. तो आपला हक्कच आहे.

आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निक आहे, तालुक्याला आयटीआय आहे. मुली शिकताहेत. तरीही सिव्हिलचं नाव काढलं की अजूनही पुष्कळ घरांत, उन्हातान्हाची साइट मुलीला झेपेल का, असा सूर लागतो. कॉम्प्युटर घे, ऑफिसात बसायचं काम बघ, असा सल्ला मिळतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण घमेलं उचलणाऱ्या बाईला ऊन झेपतं की नाही, हे कुणी कधी विचारलं होतं का?

तेव्हा तुमच्या घरातली एखादी लेक, भाची, नात पूल बघून थांबली आणि हा उभा कसा राहतो असं विचारू लागली, तर तिला गप्प करू नका. दोन फूटपट्ट्या आणि गोंदाची बाटली तिच्या हातात द्या. स्वतः दाबून बघू दे, मोजून वहीत लिहू दे. आणि १९५३ साली एका मराठी मुलीने हेच शिकून पदवी घेतली होती, हेही तिला सांगा.